पाळणाघर निवडताना कोणत्या माहितीवर विसंबावे?

प्रश्न : कोथरूडची आई

नमस्कार. माझी प्रसूती रजा आणि तिला जोडून घेतलेली सुट्टी पुढील महिन्यात संपत आहे. कामावर रुजू होईन तेव्हा मुलगी सात महिन्यांची असेल. सासू-सासरे साताऱ्याला असतात आणि माझी आई अजून नोकरीत आहे, त्यामुळे पाळणाघराला पर्याय नाही. घरापासून चालत जाता येईल अशी तीन पाळणाघरे आम्ही पाहिली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर विचारणा केली, तेव्हा एकाच पाळणाघराबद्दल "डोळे मिटून पाठवा" आणि "चुकूनही पाठवू नका" अशी दोन्ही उत्तरे आली, पण कारण कोणीच दिले नाही. गूगलवर तिन्ही ठिकाणांना भरघोस तारे आहेत, मात्र अभिप्राय वाचू लागले की त्यात बाळांच्या देखभालीपेक्षा वाढदिवसाची सजावट आणि स्नेहसंमेलन यांचेच कौतुक अधिक दिसते. प्रत्यक्ष गेल्यावर तिन्ही संचालिकांनी सर्वांत आधी कॅमेरे दाखवले. माहिती अशी उदंड आहे. त्यातल्या कशाला वजन द्यावे आणि जे कोणी आपणहून सांगत नाही ते कसे काढून घ्यावे, याविषयी अनुभवी पालकांनी कृपया लिहावे.

उत्तर : हडपसर, दोन मुलांची आई

गटावर "कसे आहे?" असे विचारले की शेराच मिळतो. त्याऐवजी, तुमचे मूल तिथे कोणत्या वयात होते, कोणत्या वर्षी होते आणि त्याला प्रत्यक्ष कोणत्या मावशी सांभाळत होत्या, एवढेच विचारावे. निम्म्या शिफारशी इथेच गळतात, कारण सांगणाऱ्यांचे मूल चार वर्षांचे असताना केवळ शाळा सुटल्यावर दोन तास तिथे बसलेले असते, आणि तो अनुभव सात महिन्यांच्या बाळाला लागू पडत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्यांचे मूल आज तिथे आहे त्यांना ते पाळणाघर चांगले वाटणे भागच असते, नाहीतर त्यांना कामावर स्वस्थ बसवणार नाही. अमेरिकेत डेबी क्रायर आणि मार्गारेट बर्चिनल यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, त्याच वर्गांना पालकांनी दिलेले गुण प्रशिक्षित निरीक्षकांनी दिलेल्या गुणांपेक्षा बरेच वरचे निघाले होते. म्हणून ज्यांनी मूल तिथून काढले आहे अशा एखाद्या कुटुंबाशी अवश्य बोलावे. बहुतेक वेळा कारण घर बदलल्याचे किंवा शाळा सुरू झाल्याचे निघते. तसे निघाले तर तीही उपयोगाची माहिती आहे.

भेटीची वेळ शक्यतो त्यांच्या सोयीची नसावी. दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास, म्हणजे भरवणे, शी-शू आणि झोपवणे एकाच वेळी चालू असताना, तिथे थोडा वेळ बसावे. एक बाळ रडत असताना दुसऱ्याला मऊ भात भरवणाऱ्या मावशी काय करतात, हे तेव्हाच पाहायला मिळते.

उत्तर : पाळणाघर संचालिका, डोंबिवली

मी पलीकडच्या बाजूने लिहिते. माझ्याकडे येणारे पालक शुल्क, वेळ, कॅमेरा आणि जेवणाचे वेळापत्रक हे चार प्रश्न हमखास विचारतात. एक वर्षाखालील बाळे किती आहेत, दुपारी एक ते चार त्यांच्याजवळ नेमके कोण असते, मावशी किती वर्षे टिकल्या आहेत आणि त्या रजेवर गेल्या की त्यांच्या जागी कोण येते, हे क्वचितच कोणी विचारते. वास्तविक बाळाचा सगळा दिवस याच उत्तरांवर अवलंबून असतो. तान्ह्या बाळांना हात जास्त लागतात आणि हात म्हणजे पगार. म्हणून कितीही बाळे घ्यायला तयार असणाऱ्या संचालिकेला हा हिशोब अवश्य विचारावा.

मुलगी आईचे काढून ठेवलेले दूध घेणार असेल तर संचालिकेला न विचारता मावशींनाच विचारा, "ताई, हे दूध तुम्ही कसे गरम कराल, आणि तिने अर्धेच प्यायले तर उरलेल्याचे काय कराल?" बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवू, मायक्रोवेव्हमध्ये घालणार नाही, आणि उष्टे दूध संध्याकाळसाठी ठेवणार नाही, असे त्या न अडखळता सांगत असतील तर त्यांना कोणीतरी नीट शिकवले आहे असे समजा. भिंतीवरचा शॉप ॲक्टचा दाखला फक्त व्यवसायाची नोंद झाल्याचे सांगतो. त्यापेक्षा कर्मचाऱ्यांच्या पोलीस पडताळणीची कागदपत्रे मागावीत. ती दाखवायला कोणाचीही हरकत नसावी.

कॅमेऱ्याविषयी माझे मत थोडे कडवट आहे. २०१६ मध्ये खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यात टिपली गेली होती, परंतु ती उजेडात आली ती आई-वडिलांना मुलीच्या अंगावरील दुखापती पाहून शंका आल्यानंतर. चित्रण रोज कोण पाहते आणि ते किती दिवस जपून ठेवले जाते, हे विचारल्याशिवाय कॅमेऱ्याला गुण देऊ नयेत.

उत्तर : लीड्स, इंग्लंड

आपल्याकडे खासगी पाळणाघरांची नियमित तपासणी करून तिचा अहवाल पालकांसमोर ठेवणारी सार्वजनिक यंत्रणा नाही, म्हणून इथला अनुभव सांगतो. इंग्लंडमध्ये ऑफस्टेड ही सरकारी संस्था पाळणाघरे तपासते आणि तिचे अहवाल कोणालाही घरबसल्या वाचता येतात. दोन वर्षांखालील तीन मुलांमागे किमान एक कर्मचारी असला पाहिजे, हा नियम आहे. तरीही माझ्या ओळखीतले मराठी पालक अहवालाचा शेरा तेवढा पाहत आणि मग जागा कुठे शिल्लक आहे यावर निर्णय घेत. नोव्हेंबर २०२५ पासून एकाच शब्दाच्या शेऱ्याऐवजी निरनिराळ्या बाबींवर स्वतंत्र शेरे दिले जातात, त्यामुळे निदान थोडे अधिक वाचावे लागते. तीन बाळांमागे एक हे प्रमाण पुण्यात कोणी बंधनकारक केलेले नाही, पण मोजायला मनाई नाही. पाळणाघरात बसलेले असताना बाळे आणि माणसे मोजा. स्वयंपाक किंवा झाडलोट करणाऱ्या बाईंना त्यात धरू नका.

उत्तर : हिंजवडी

ताई, घराजवळचेच पाळणाघर हवे हे आपण गृहीत धरले आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ मधील दुरुस्तीनुसार पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा मिळाली. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. पुष्कळ कंपन्या जवळच्या एखाद्या पाळणाघराशी करार करून ही सोय पुरवतात आणि त्याची वाच्यता करत नाहीत. मनुष्यबळ विभागाला ईमेलने विचारा, म्हणजे उत्तरही लेखी मिळेल. अंगावर पाजणाऱ्या आईसाठी या चार भेटींचे मोल मोठे आहे, मात्र बाळाला रोज इथल्या वाहतुकीतून न्यावे लागेल, हेही जमेस धरा.

कोथरूडची आई

सर्वांचे मनापासून आभार. कंपनीला आजच ईमेल पाठवला. तिघींपैकी एका संचालिकेने मावशींशी बोलू दिले नाही, "जे विचारायचे ते मलाच विचारा" असे म्हणाल्या. डोंबिवलीच्या ताईंना विचारते, यात वावगे वाटून घ्यावे का?

पाळणाघर संचालिका, डोंबिवली

कामाच्या घाईत एकदा नाही म्हणणे मी समजू शकते. त्यांना वेळ ठरवून द्यायला सांगा. वेळ ठरवूनही मावशी समोर येत नसतील तर त्या पाळणाघराचे नाव यादीतून काढा, कारण उद्या मुलगी दिवसभर का रडली हे विचारायचे झाले, तरीही तुम्हाला मावशींशी बोलू दिले जाणार नाही.