आई-अण्णांसाठी उत्तराखंडच्या हिमालयात निवांत मुक्काम : मुक्तेश्वर, बिनसर की नरेंद्रनगर?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

आई-अण्णा अहमदपूरजवळ गावी असतात, दोघंही सत्तरीच्या घरात. तिरुपती झालं, चारधाम झालं, पण सगळं यात्रा कंपनीबरोबर. पहाटे उठायचं, रांगेत लागायचं, पुढच्या मुक्कामाला पळायचं. हिमालयात जाऊनही तो डोळे भरून बघायचा राहिलाच. म्हणून या वेळी एकच जागा, चांगलं लॉज, समोर बर्फाचे डोंगर आणि चार-पाच दिवस कुठंच जायचं नाही. खर्च मी आणि ताई मिळून करणार, तिथं हात आखडता घ्यायचा नाही.

सोयाबीनची रास झाल्याशिवाय अण्णा हलणार नाहीत आणि डिसेंबर-जानेवारीतल्या वेळअमावस्येच्या पूजेला शेतात हजर राहायचंच. म्हणजे नोव्हेंबर. तेव्हा हवा स्वच्छ असते, शिखरं उघडी दिसतात, हे बरंच झालं.

नरेंद्रनगरला टिहरीच्या राजांच्या जुन्या राजवाड्याच्या आवारातलं 'आनंदा' रिसॉर्ट बघितलं. जागा उत्तम, उंचीही फार नाही. पण तिथून खाली ऋषिकेश आणि गंगेचं खोरं दिसतं, अण्णांना तर नंदादेवी बघायची आहे. त्यामुळे माझा कल मुक्तेश्वरकडे आहे. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसनं दिल्ली, रात्री आराम, सकाळच्या शताब्दीनं काठगोदाम, पुढं गाडी. बिनसर अभयारण्यात जास्त शांतता असेल, पण ते अल्मोड्याच्याही पुढं. लेह कृपया सुचवू नका. आईला बीपी आहे, 3,500 मीटरवर तिला न्यायचं नाही. 2,500 मीटरच्या आतच राहायचं ठरवलंय.

मुख्य अडचण अण्णांच्या गुडघ्यांची. डोंगरउतारावरच्या लॉजमध्ये खोली एका टप्प्यावर आणि जेवणघर दुसऱ्या टप्प्यावर असतं असं फोटोंवरून वाटतं. फोनवर सगळे 'थोड्याच पायऱ्या आहेत' म्हणतात. प्रत्यक्षात किती? गाडी खोलीच्या दारापर्यंत जाते का? बिनसरला रात्रभर वीज आणि हीटर चालतो का?

आईला घाटात गाडी लागते, तर भीमतालला एक मुक्काम करावा का? आणि भाकरीशिवाय अण्णांचं पोट भरत नाही. तिकडं मंडुव्याची म्हणजे आपल्या नाचणीची रोटी करतात. सांगितलं तर लॉजवाले रोज करून देतात का?

वयस्कर माणसांना घेऊन गेलेल्यांनी लॉजचं नाव आणि कोणती खोली घ्यावी तेही सांगा. पोळ्याच्या आत आरक्षण करायचं आहे.