मोडल विश्लेषणातील एकत्रित आकडे एकमेकांशी जुळत का नाहीत?

प्रश्न

प्रबलित काँक्रीटच्या एका बारा मजली इमारतीचे भूकंपासाठी प्रतिसाद वर्णपट पद्धतीने, म्हणजे डोलण्याच्या वेळेनुसार कमाल प्रतिसाद देणाऱ्या आलेखावरून, विश्लेषण करत आहे. इमारतीला दोन तळघरे असून त्यांच्याभोवती जाड संरक्षक भिंती आहेत, आणि तळघरांसह सगळी इमारत मी एकाच प्रतिमानात (संगणकीय मॉडेलमध्ये) घेतली आहे. पहिल्या दोन मोडचे (इमारतीच्या डोलण्याच्या स्वाभाविक प्रकारांचे) आवर्तकाल, म्हणजे एका डोलण्याला लागणारा वेळ, १.४२ सेकंद आणि १.३५ सेकंद आले आहेत. दोन्हींमध्ये सरळ हालचालीबरोबर पीळही दिसतो.

अडचणी तीन आहेत. पहिली अशी की, लागोपाठच्या दोन मजल्यांच्या एकत्रित विस्थापनांची वजाबाकी केली तर जो ड्रिफ्ट (दोन मजल्यांतील सापेक्ष सरकणे) मिळतो, तो संगणक प्रणालीने दिलेल्या ड्रिफ्टपेक्षा कमी येतो. तसेच एकाच सांध्यावर मिळणाऱ्या बीम आणि कॉलमच्या आघूर्णांची (वाकवणाऱ्या परिणामांची) बेरीज केली तर समतोल साधत नाही. दुसरी, चाळीस मोड घेऊनही वस्तुमान सहभाग (त्या मोडमध्ये हलणाऱ्या वस्तुमानाचा एकूण वाटा) ९० टक्क्यांपर्यंत पोहोचत नाही. तिसरी, वर्गबेरजेच्या वर्गमुळाची पद्धत, म्हणजे एसआरएसएस, सोडून सीक्यूसी ही मोड एकत्र करण्याची दुसरी पद्धत निवडली की कडेच्या काही फ्रेममधील बले बरीच बदलतात. प्रतिमानात चूक आहे, की ही पद्धतच अशी आहे? आणि असे असेल तर या आकड्यांवर इमारतीच्या वर्तनाचा अंदाज कितपत बांधता येतो?

उत्तर १

आपण सांगितलेल्या पहिल्या अडचणीत प्रतिमानाची चूक दिसत नाही. प्रतिसाद वर्णपट पद्धतीत प्रत्येक मोडचा कमाल प्रतिसाद मिळतो, पण तो कोणत्या क्षणी आला हे पद्धत सांगत नाही. सर्व मोडच्या कमाल किमती एकाच क्षणी येत नाहीत, म्हणून त्यांचे संख्याशास्त्रीय तत्त्वावर एकत्रीकरण करावे लागते. या एकत्रीकरणात चिन्ह नाहीसे होते आणि प्रत्येक राशीची एकत्रित किंमत ही त्या राशीपुरतीच खरी राहते. त्यामुळे दोन एकत्रित राशींची बेरीज, वजाबाकी किंवा त्यांच्यातील समतोल तपासणे यांना काहीच अर्थ उरत नाही. जी राशी हवी असेल, मग ती ड्रिफ्ट असो, कर्तनबल (आडवे कापू पाहणारे बल) असो किंवा एखाद्या कॉलममधील आघूर्ण असो, ती आधी प्रत्येक मोडमध्ये चिन्हासह काढायची आणि सर्वांत शेवटी एकत्र करायची. या क्रमात उलटापालट चालत नाही.

हाताने करता येईल असे उदाहरण घेऊ. दोन मजल्यांची साधी फ्रेम, दोन्ही मजल्यांचे वस्तुमान सारखे आणि दोन्हींची दृढता (ताठरपणा) सारखी. पहिल्या मोडचा आकार १ : १.६१८ असा आणि दुसऱ्याचा १ : –०.६१८ असा येतो. पहिल्या मोडचा सहभाग गुणक ०.७२४, दुसऱ्याचा ०.२७६, प्रभावी वस्तुमान अनुक्रमे ९४.७ टक्के आणि ५.३ टक्के. दोन्ही आवर्तकाल वर्णपटाच्या उतरत्या भागात आहेत असे मानू आणि पहिल्या मोडचे वर्णपटीय विस्थापन ४० मिलिमीटर, तर दुसऱ्याचे १५.३ मिलिमीटर धरू.

पहिल्या मोडमध्ये मजल्यांची विस्थापने २८.९ आणि ४६.८ मिलिमीटर होतात, दुसऱ्यात ४.२ आणि –२.६. एसआरएसएसने एकत्रित विस्थापने २९.२ आणि ४६.९ येतात, आणि त्यांची वजाबाकी १७.७ मिलिमीटर. आता योग्य क्रमाने पाहू. वरच्या मजल्याचा ड्रिफ्ट पहिल्या मोडमध्ये १७.९ आणि दुसऱ्यात –६.८ आहे, त्यांचे एकत्रीकरण १९.१ मिलिमीटर. म्हणजे वजाबाकीच्या मार्गाने ड्रिफ्ट सुमारे ८ टक्के कमी मिळाला, आणि ही चूक असुरक्षित बाजूची आहे. कारणही आकड्यांतच दिसते: दुसऱ्या मोडमध्ये दोन मजले विरुद्ध दिशांना सरकतात, त्यामुळे त्याचे विस्थापन लहान असूनही ड्रिफ्ट मोठा असतो. उंच इमारतीत, वरच्या मजल्यांवर, हा फरक अधिक ठळक होतो. आपल्या प्रणालीने दिलेला मोठा आकडाच बरोबर आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे मूळ आपल्या दोन आवर्तकालांत आहे. एसआरएसएस पद्धत दोन मोडचे प्रतिसाद परस्परांशी असंबद्ध आहेत असे गृहीत धरते. वारंवारता पुरेशा दूर असतील तर हे चालते; जवळ आल्या की दोन्ही मोड जवळजवळ एकाच लयीत डोलतात आणि गृहीतक कोसळते. १९८१ मध्ये विल्सन, डेर किउरेगियन आणि बायो यांनी मांडलेली सीक्यूसी पद्धत मोडच्या प्रत्येक जोडीसाठी सहसंबंध गुणांक वापरते. ५ टक्के अवमंदनाला (कंपन ओसरण्याच्या प्रमाणाला) वारंवारतांचे गुणोत्तर ०.५ असेल तर हा गुणांक केवळ ०.०२ असतो, ०.९ ला तो ०.४७ होतो आणि ०.९५ ला ०.७९. आपले गुणोत्तर ०.९५ आहे. अशा स्थितीत एसआरएसएस वापरणे म्हणजे ०.७९ च्या जागी शून्य लिहिणे होय.

या गुणांकासोबत येणाऱ्या पदाला चिन्ह असते, हे विशेष ध्यानात घ्यावे. इमारतीच्या एका कडेच्या फ्रेमवर सरळ हालचाल आणि पीळ यांची बेरीज होते, तर दुसऱ्या कडेला त्यांची वजाबाकी होते. सीक्यूसीला हा भेद कळतो. एसआरएसएस दोन्ही कडांना जवळपास सारखीच बले देऊन मोकळी होते, परिणामी भूकंपाच्या दिशेतील फ्रेममध्ये बले कमी आणि तिच्याशी काटकोनात असलेल्या फ्रेममध्ये अवास्तव जास्त येऊ शकतात. वारंवारता दूर असताना दोन्ही पद्धतींचे उत्तर एकच येत असल्याने सीक्यूसी नेहमीसाठीच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २

दुसऱ्या अडचणीबद्दल लिहितो. तळघरांचे वस्तुमान मोठे आहे आणि त्याभोवतीच्या भिंती अतिशय दृढ आहेत, त्यामुळे ते वस्तुमान फार वरच्या वारंवारतेच्या मोडमध्ये अडकलेले असते. आपल्या चाळीस मोडपैकी बरेचसे स्लॅबच्या स्थानिक उभ्या कंपनांचे असण्याचीही शक्यता आहे. त्यांचा आडव्या दिशेतील सहभाग जवळजवळ शून्य असतो. मोडची संख्या वाढवत नेण्याआधी प्रत्येक मोडचा आकार पडद्यावर पाहून घ्यावा. एखादी बीम टोकाला जोडायची राहून गेली असेल तर तीही अशाच निरर्थक मोडच्या रूपाने उघडी पडते.

९० टक्क्यांची अट भूकंपासाठीच्या भारतीय मानक १८९३ मध्ये आहे, युरोपच्या युरोकोड ८ मध्येही आहे, पण तिचा हेतू पायाजवळचे बल पुरेसे पकडले जावे हा आहे. जमिनीखालचा भाग जमिनीबरोबरच हलत असेल, तर त्याच्या वस्तुमानाला वर्णपटाने मोठे करून दाखवलेला त्वरण लागत नाही, जमिनीचाच त्वरण लागतो. म्हणून राहिलेल्या वस्तुमानासाठी स्थितिक दुरुस्ती (कंपन न धरता काढलेला प्रतिसाद) लावणे, किंवा आयगेन सदिशांऐवजी (नैसर्गिक मोडच्या आकारांऐवजी) भारानुसार काढलेले रिट्झ सदिश वापरणे, हे दोन मार्ग उपलब्ध आहेत. विल्सन, युआन आणि डिकन्स यांनी १९८२ मध्ये सुचवलेले हे रिट्झ सदिश भाराच्या वितरणापासूनच उभे केले जात असल्याने, ज्या मोडला भूकंप हलवतच नाही त्यांच्यावर गणित खर्च होत नाही, आणि थोड्याच सदिशांत अट पूर्ण होते.

फक्त जमिनीच्या वरच्या भागाचे वेगळे प्रतिमान करून त्याचा सहभाग किती येतो हेही एकदा तपासावे. तेथे दहाबारा मोडमध्ये ९० टक्के सहज ओलांडले गेले, तर राहिलेले वस्तुमान तळघराचेच होते हे सिद्ध होईल.

प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. मोडचे आकार पाहिले. सव्विसाव्या मोडपासून पुढचे बहुतेक सगळे स्लॅबचेच निघाले. जमिनीच्या वरचा भाग वेगळा घेतल्यावर नऊ मोडमध्ये सहभाग ९० टक्क्यांवर गेला.

आता आणखी दोन शंका उरतात. चिन्हच नसेल तर कॉलममधील अक्षीय बल आणि दोन दिशांचे आघूर्ण यांची एकत्र तपासणी कशी करावी? आणि माझे आवर्तकाल काँक्रीटला तडे गेलेले नाहीत असे धरून काढलेले आहेत. ते तसेच ठेवले तर अंदाज सुरक्षित बाजूला राहतो का?

उत्तर ३

आवर्तकालाच्या शंकेचे उत्तर मी देतो, कारण माझ्या मते सर्वांत मोठी अनिश्चितता तेथेच आहे. वारंवारता दूर असतील तर एकत्रीकरणाच्या पद्धतीतला फरक काही टक्क्यांचा असतो; दृढतेच्या गृहीतकातला फरक त्याहून कितीतरी मोठा असू शकतो. भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत कॉलमसाठी स्थूल जडत्व आघूर्णाच्या (तडे न धरता काढलेल्या, छेदाच्या वाकण्याला विरोध करण्याच्या मापाच्या) ७० टक्के आणि बीमसाठी ३५ टक्के घेण्यास सांगितले आहे. युरोकोड ८ अधिक अचूक हिशेब नसल्यास निम्मी दृढता धरतो. दृढता निम्मी झाली की आवर्तकाल १.४१ पट होतो, म्हणजे आपला १.३५ सेकंदांचा मोड १.९ सेकंदांवर जातो. वर्णपटाच्या उतरत्या भागात यामुळे बल कमी होते, पण विस्थापन त्याच प्रमाणात वाढते. तडे न गेलेली दृढता बलांच्या दृष्टीने सुरक्षित बाजूला ठेवते खरी. ड्रिफ्टच्या दृष्टीने मात्र ती फसवी आहे.

शिवाय वर्णपट नेहमी उतरताच असतो असे नाही. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपात मेक्सिको सिटी हे शहर केंद्रापासून साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर होते. तेथील कठीण जमिनीवरील हादरा सौम्य होता. जुन्या तलावाच्या मऊ चिकणमातीवर मात्र जमिनीचा त्वरण त्याच्या कित्येक पट झाला आणि कंपन सुमारे दोन सेकंदांच्या आवर्तकालाभोवती एकवटले. सर्वाधिक हानी सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींची झाली. यांतील अनेकांचा मूळ आवर्तकाल दोन सेकंदांपेक्षा कमी होता, पण तडे जाऊन त्या मऊ पडत गेल्या तसतशा त्या शिखराकडेच सरकत गेल्या. आपली इमारत मऊ मातीच्या जाड थरावर असेल, तर मानकातील सर्वसाधारण वर्णपटावर न थांबता त्या जागेचा स्वतंत्र वर्णपट करून घ्यावा, आणि दोन्ही टोकांच्या दृढता धरून विश्लेषण दोनदा करावे. विटांच्या भराव भिंती प्रतिमानात नसतील, तर त्या इमारतीला उलट दिशेने, म्हणजे अधिक दृढतेकडे नेतात; त्याचाही विचार या दोन टोकांत यायला हवा.

उत्तर १ देणारे, पुन्हा

कॉलमच्या शंकेपुरते लिहितो. रूढ मार्ग असा की अक्षीय बल आणि दोन्ही आघूर्णे यांच्या एकत्रित कमाल किमती एकाच वेळी आल्या असे धरून अधिक–उणे चिन्हांच्या सर्व आठ जोडण्या तपासायच्या. हा मार्ग सुरक्षित आहे, पण कॉलमचा आकार विनाकारण वाढवतो. अक्षीय ताण असलेली जोडणी मात्र कधीही गाळू नये. कोपऱ्यातील कॉलमचे सळयांचे प्रमाण पुष्कळदा तिच्यावरच ठरते. पायाचे संकल्पन करतानाही त्याच जोडणीकडे लक्ष द्यावे.

जाता जाता एक मुद्दा नोंदवणे आवश्यक वाटते. आपण सर्व मोडच्या बलांना एकाच प्रतिसाद न्यूनीकरण गुणकाने (लवचिक मर्यादेपलीकडे इमारत ऊर्जा जिरवते म्हणून बल कमी करणाऱ्या आकड्याने) भागत असाल, आणि मानकेही तसेच सांगतात. पण शिअर वॉलच्या (आडवे बल पेलणाऱ्या काँक्रीट भिंतीच्या) तळाशी लवचिक मर्यादा ओलांडली गेली की मुख्यतः पहिल्या मोडचे बल आटोक्यात येते. वरच्या मोडची बले त्या प्रमाणात घटत नाहीत. त्यामुळे आपल्या इमारतीत शिअर वॉल असतील, तर त्यांतील कर्तनबल मोडल विश्लेषण दाखवते त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त असू शकते. यासाठी न्यूझीलंडचे काँक्रीट मानक आणि युरोकोड ८ वेगळा वाढगुणक लावतात. आघूर्णासाठीच्या सळया वर्णपटाच्या उत्तरावर ठरवल्या तरी कर्तनासाठीच्या आडव्या सळया या वाढीव बलावर ठरवाव्यात.