एकलकोंडा : यातला 'कोंडा' कुठला?

प्रश्न : भाच्याच्या स्थळासाठी नागपूरच्या महाल भागातल्या एक काकू आल्या होत्या. चहा घेता घेता म्हणाल्या, "पोरगा एकलकोंडा त नाई ना? कोनात मिसळत नाई म्हन्ते." ताईचं तोंडच उतरलं. भाचा म्हणतो, मी एकांतप्रिय आहे. दोन्ही एकच का? आणि हा कोंडा धान्याचा का?

उत्तर : 'सालपटासारखा बाजूला पडलेला' अशी उकल करता येईल, पण तो कोंड्याचा मांडा झाला. मला 'कोंडणे' पटतं. 'कानकोंडा' शेजारी ठेवून पाहा, घडण तीच. कोंडी, कोंडमारा, महापालिका मोकाट गुरं नेऊन टाकते तो कोंडवाडा, सगळी एकाच घरची. एकलकोंडा म्हणजे स्वतःला एकटं कोंडून घेणारा. 'एकल' हा प्राकृत 'एक्कल्ल'कडून आलेला, 'एकला'चा सख्खा भाऊ. हायकोर्टाच्या बातमीत एका न्यायमूर्तींचं 'एकलपीठ' असतं, त्यातलाही हाच.

'एकांत' वेगळा. एक अधिक अंत. अंत म्हणजे इथे टोक, बाजू. सत्याला अनेक बाजू असतात म्हणणाऱ्या जैनांच्या अनेकांतवादातही तोच अंत आहे. एका बाजूची म्हणून निवांत जागा. तुकोबांना 'रुचे एकांताचा वास'. गीतेच्या तेराव्या अध्यायात तर 'अरतिर्जनसंसदि', म्हणजे माणसांच्या गर्दीत मन न रमणं, हे चक्क ज्ञानाच्या लक्षणांत मोजलंय. काकू तेच खोट म्हणून मोजतात. फरक एवढाच की 'एकांतप्रिय' हे माणूस स्वतःबद्दल म्हणतो, 'एकलकोंडा' त्याला दुसरे म्हणतात.

दुसरं मत : नेहमीच टोमणा नसतो हो. आमच्या सक्करदऱ्याकडे कोपऱ्यात एकटंच खेळणाऱ्या लेकरालाही "एकलकोंडं हाय बाप्पा" असं कौतुकानं म्हणतात.

उत्तर : लेकराला चालतं. तिशीच्या पोराला म्हटलं की टोमणाच. तरी 'माणूसघाणा'पेक्षा बरा. त्याला माणसांचाच वीट असतो. घुम्या आणखी निराळा, तो चारचौघांत बसेल पण तोंड उघडणार नाही. एकलकोंडा मात्र एखाद्या मित्राशी रात्र रात्र बोलेल, बारशाला न्या म्हटलं की ताप येईल.

प्रश्न : मग बायोडाट्यात काय लिहू?

उत्तर : 'वाचनाची आवड' लिहा. काकूंना बरोबर कळतं.