शब्दचर्चा: ‘दुखापतीमुळे’ की ‘दुखापतीनंतर’?

प्रश्न: इंडियाना पेसर्स या अमेरिकन बास्केटबॉल संघावर लेख लिहितोय. त्यातलं एक वाक्य असं आहे: ‘टायरीस हालिबर्टनच्या दुखापतीमुळे करारमुक्त माइल्स टर्नरने संघ सोडला.’ वाचताना खटकतंय, पण काय चुकलंय ते कळत नाही.

उत्तर: आधी ‘करारमुक्त’ काढा. टर्नरला कुणी मुक्त केलेलं नाही. २०१५पासून तो इंडियानाकडेच होता आणि २०२५च्या उन्हाळ्यात त्याचा करार मुदतीप्रमाणे संपला. करारमुक्त म्हणायचं तर डेमियन लिलार्डला म्हणा. मिलवॉकी बक्सने दोन वर्षं शिल्लक असताना त्याला सोडलं आणि उरलेले सुमारे ११.३ कोटी डॉलर पाच वर्षांत विभागून द्यायचं ठरवलं. त्यातून संघाच्या पगाराच्या मर्यादेत जी जागा झाली, तिथेच टर्नरला चार वर्षांचा करार मिळाला. एकाच व्यवहारात हे दोघं आहेत, त्यामुळे दोघांना एकच शब्द वापरला तर वाचकाला काहीच उलगडणार नाही. टर्नरसाठी ‘फ्री एजंट’ (करार संपल्याने कुठल्याही संघाकडे जायला मोकळा खेळाडू) हाच शब्द ठेवा, क्रीडापानांवर तो शब्द रुळलाय.

‘मुळे’चा घोळ याहून मोठा. ‘पावसामुळे सामना रद्द झाला’ यात मधे कुणाला काही ठरवावं लागत नाही. इथे मधे बरीच माणसं आहेत. २२ जूनला अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात हालिबर्टन टाचेमागची कंडरा तुटून कोसळला. पोटरी दुखावलेली असतानाही तो उतरला होता, पहिल्याच क्वार्टरमध्ये तीन थ्री-पॉइंटर मारले होते. मग जमिनीवर पडून तळहात आपटत राहिला. ते बघवत नव्हतं. पुढचा अख्खा हंगाम तो खेळणार नाही हे उघड होतं, आणि अशा वर्षासाठी टर्नरला ठेवून मालकांनी लक्झरी टॅक्स (पगारखर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की संघाला भरावा लागणारा कर) भरावा का, हा प्रश्न उभा राहिला. तरीही टॅक्स भरायची तयारी होती, असं संघाच्या व्यवस्थापनाने नंतर सांगितलं. म्हणजे कारण काय, यावरच एकमत नाही. ‘दुखापतीनंतर’ लिहा.

आणखी एक सूचना: ‘दुखापतीपायी’ चालेल का? संघाचं नुकसान त्यात छान येतं.

उत्तर: नको. ‘दारूपायी संसार गेला’, ‘हट्टापायी नोकरी गेली’. ‘पायी’ आला की दोष त्या गोष्टीकडे जातो, आणि इथे तो हालिबर्टनच्या माथी बसेल. दुखऱ्या पायाने खेळलेल्या मुलावर हा अन्याय आहे.

शिवाय कोणाची दुखापत, हेही लिहायला हवं. लिलार्ड एप्रिलमध्ये याच इंडियानाविरुद्ध खेळताना जायबंदी झाला होता. त्याचीही तीच टाचेमागची कंडरा तुटली, जिला जुन्या मराठीत घोडशीर म्हणतात. त्याच प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) बोस्टनच्या जेसन टेटमचीही तुटली. टर्नरच्या जाण्यामागे हालिबर्टनइतकीच लिलार्डची दुखापत आहे: एकीने इंडियानाचा हात आखडला असेल, दुसरीने मिलवॉकीला जागा करून दिली. मराठी बातम्यांत ही दुसरी बाजू बहुतेकदा गळते, म्हणून एवढं ताणून सांगतोय.

प्रश्नकर्ता: मग असं करतो: ‘हालिबर्टन जायबंदी झाल्यानंतर फ्री एजंट टर्नरने मिलवॉकीची वाट धरली, तिथे त्याच्यासाठी जागा झाली ती जायबंदी लिलार्डला करारमुक्त करून.’ दोनदा ‘जायबंदी’ आलंय.

उत्तर: येऊ द्या. दोन्ही ठिकाणी तोच शब्द हवा.