उंचीवरच्या लढाईची तयारी
कुणीतरी लिहिलंय की जवान धडधाकट असला की कुठेही लढू शकतो. उंचीवर हे खरं नाही. आपल्या सैन्यात ९,००० फुटांवर आधी सहा दिवस शरीराला विरळ हवेची सवय करून देतात, त्यातले पहिले दोन विश्रांतीचे. मग १२,००० फुटांवर चार दिवस, १५,००० वर आणखी चार. घाई केली तर फुप्फुसांत पाणी भरतं, आणि ते तरण्याबांड पोरालाही सोडत नाही.

कारगिलमध्ये १९९९ साली सुरुवातीला काही पलटणींना हा वेळच मिळाला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तिथलं तोलोलिंग शिखर जिंकून घेणाऱ्या २ राजपुताना रायफल्स या पलटणीने मात्र हल्ल्याआधी तसल्याच डोंगरावर चढाईची तालीम केली होती.