विजेवर उडणाऱ्या मोटारींच्या शर्यती: प्रयोगशाळा की केवळ तमाशा?

गगनविहारी (धागाकर्ता):
विजेवर उडणाऱ्या मोटारींच्या शर्यतींचा विषय निघाला की ‘श्रीमंतांचे खेळणे’ असा शेरा मारून तो संपवला जातो. मला हा शेरा उतावळा वाटतो, कारण शर्यतींमुळे तंत्रज्ञान झपाट्याने सुधारल्याचे दाखले आहेत. १९०९ साली फ्रान्समध्ये झालेल्या गॉर्डन बेनेट चषकाच्या विमान शर्यतीत वैमानिक ग्लेन कर्टिस ताशी सुमारे ७५ किलोमीटर वेगाने विजयी ठरला. १९३१ साली श्नायडर चषकाच्या शर्यतीत सुपरमरीन एस. ६बी हे सागरी विमान ताशी ५४७ किलोमीटरवर पोहोचले, आणि त्याचे रचनाकार मिचेल यांनीच पुढे स्पिटफायर हे लढाऊ विमान घडवले. फॉर्म्युला ई ही विजेवरच्या मोटारींची शर्यत २०१४ साली बीजिंगमध्ये सुरू झाली, तेव्हा बॅटरी पुरत नसल्याने चालकाला शर्यतीच्या मध्यावर दुसऱ्या मोटारीत बसावे लागे. चारच वर्षांत तीच शर्यत एका मोटारीत पूर्ण होऊ लागली. ऑस्ट्रेलियातील एअरस्पीडर या उडत्या मोटारींच्या शर्यतीची आठ पंख्यांची, जमिनीवरून नियंत्रित होणारी याने २०२१ साली उडू लागली. त्यांना आणखी काही वर्षे द्यायला हरकत कोणती?

चौथा गिअर:
गगनविहारी, श्नायडर चषकाचे उदाहरण आपल्याच विरोधात जाते. १९३१ साली इटली आणि फ्रान्स यांची विमाने वेळेत तयार झाली नाहीत, आणि ब्रिटनने एकट्यानेच उडून चषक कायमचा नेला. तरीही त्या शर्यतीमागे दोन दशकांची खरी चुरस होती, हे मान्य. इथे तर यान बांधणारी अलाउडा कंपनी आणि शर्यत भरवणारी एअरस्पीडर ही एकाच संस्थापकाची घरे आहेत. सर्व यानेही एकाच कारखान्यातली असल्यावर जिंकतो तो हाकणारा; त्यातून तंत्रज्ञानाची निवड कशी होणार?

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. ४ जुलै २०१९ रोजी इंग्लंडमधील गुडवुड येथे याच कंपनीच्या ९५ किलो वजनाच्या मानवरहित यानाचे प्रात्यक्षिक सुरू असताना त्यावरचे नियंत्रण सुटले. आणीबाणीत वीज तोडण्यासाठी ठेवलेली कळ दाबली, तरी काहीच झाले नाही. यान सुमारे ८,००० फूट चढून प्रवासी विमानांसाठी नियंत्रित असलेल्या हवाई हद्दीत शिरले आणि बॅटरी संपल्यावर वस्तीलगतच्या शेतात कोसळले. कोणी दगावले नाही, हे केवळ नशीब. ब्रिटनच्या अपघात अन्वेषण विभागाने यानाच्या बांधणीच्या दर्जावरही बोट ठेवले.

वीजमापक:
मी सुरक्षेच्या वादात न पडता ऊर्जेचा हिशेब मांडतो, कारण माझ्या मते प्रश्न तिथेच अडतो. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते, तर एक किलो लिथियम-आयन सेलमध्ये साधारण पाव युनिट. इंजिन पेट्रोलमधली बरीच ऊर्जा वाया घालवते हे जमेस धरले, तरी तफावत प्रचंड उरते. जमिनीवरच्या मोटारीचे वजन चाके फुकटात पेलतात. हवेत तरंगणाऱ्या यानाला मात्र जागच्या जागी राहण्यासाठीही प्रत्येक क्षणी वीज खर्चावी लागते, आणि पंखे जितके लहान तितका हा खर्च जास्त. फॉर्म्युला ईची मोटार ब्रेक लावताना वीज परत मिळवते. बहुपंखी यान वेग कमी करायचा म्हणजे मागे कलते आणि तेव्हाही मोटरी जोर लावतच असतात.

बॅटरीवरचा वेगच हवा असेल, तर रोल्स-रॉइसच्या एका विमानाने २०२१ साली तीन किलोमीटरच्या टप्प्यावर सरासरी ताशी ५५५.९ किलोमीटर गाठलेच आहेत. पण त्याचे वजन पेलायला पंख होते. अलाउडानेही २०२३ मध्ये जाहीर केलेल्या पुढच्या यानासाठी बॅटरीवर विसंबून न राहता हायड्रोजनवर वीज निर्माण करणारे टर्बाइन निवडले, यात काय ते आले.

गगनविहारी:
वीजमापक, आपण दाखवलेला बदल मला शर्यतीची उपयुक्तता वाटतो: बॅटरी पुरत नाही हे कागदावर सर्वांनाच ठाऊक होते, पण ते मान्य करून रचना बदलण्याची घाई शर्यतीमुळेच होते. एकाच कारखान्याच्या यानांबद्दलचा आक्षेप रास्त आहे. परंतु फॉर्म्युला ईचा पहिला हंगामही एकसारख्या मोटारींवरच झाला आणि त्यानंतर निरनिराळ्या निर्मात्यांना मोटर व गिअरबॉक्स स्वतःचे बनवण्याची मुभा मिळाली. सुरक्षेबाबत म्हणाल, तर १९५५ साली फ्रान्समधील ल मान्सच्या मोटार शर्यतीत झालेल्या भीषण अपघातानंतर स्वित्झर्लंडने गोलमार्गावरील शर्यतींवर बंदी घातली होती, आणि त्याच देशाने २०१८ साली झुरिकमध्ये फॉर्म्युला ईला परवानगी दिली.

चौथा गिअर:
मध्ये ६३ वर्षे गेली, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत! शिवाय रस्त्यावरची मोटार बेफाम झाली, तर कठड्यावर आदळून बहुधा थांबते. हवेतल्या यानाला असा कठडा नसतो; २०११ साली अमेरिकेतील रीनोच्या विमान शर्यतीत एक विमान प्रेक्षकांजवळ कोसळून वैमानिकासह ११ जणांचा बळी गेला. त्यातच या शर्यती इतक्या कमी उंचीवर होतात की पॅराशूट उघडायलाही पुरेसा अवकाश मिळेलच असे नाही.

बंदी घाला, असे माझे म्हणणे नाही. वीज तोडणारी यंत्रणा मुख्य नियंत्रणापासून पूर्णपणे वेगळी असावी, तिची रेडिओ-जोडणीही स्वतंत्र असावी, आयोजकांशी संबंध नसलेल्या संस्थेने ती उडत्या यानावर तपासावी, आणि तोवर यानात माणूस बसवू नये. या अटी आपल्याला मान्य आहेत का?

गगनविहारी:
पहिल्या तिन्ही मान्य. चौथीत ‘तोवर’ म्हणजे नेमकी किती निर्दोष उड्डाणे, हे ठरवण्याचा अधिकार मात्र आयोजकांकडे नको आणि विरोधकांकडेही नको. तो हवाई वाहतूक नियामकाकडेच असावा.