प्रति: ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ चालू केलं की बारला जागा मिळते

‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ म्हणजे पीसीआय डिव्हाइसना ४ जीबीच्या वरचे पत्ते देऊ देणारं बायोसमधलं सेटिंग, आणि बार (बेस अ‍ॅड्रेस रजिस्टर) म्हणजे डिव्हाइसला लागणारी पत्त्यांची जागा ठरवणारं रजिस्टर. वर म्हटलंय ते ६४-बिट प्रीफेचेबल (आगाऊ वाचून ठेवलं तरी चालणाऱ्या) बारपुरतं बरोबर आहे. नॉन-प्रीफेचेबल बारला त्या सेटिंगचा सहसा काही उपयोग होत नाही. कारण पीसीआय ब्रिजमध्येच आहे. आपल्यामागच्या डिव्हाइसकडे तो पत्त्यांचा ठरावीक पट्टाच (विंडो) पुढे पाठवतो. त्याच्या कॉन्फिगरेशन स्पेसमधल्या ०x२० आणि ०x२२ वरच्या मेमरी बेस-लिमिट रजिस्टरांत (विंडोची सुरुवात आणि शेवट) पत्त्याचे फक्त ३१ ते २० हे बिट मावतात आणि त्यांना वरच्या ३२ बिटांची जोड नाही. तशी जोड फक्त प्रीफेचेबल विंडोला मिळते, ०x२८ आणि ०x२सी वर. म्हणून आधी बारचा बिट ३ (मोजणी ० पासून), म्हणजे प्रीफेचेबल बिट, वाचा. तो ० असेल तर ब्रिजमागच्या त्या डिव्हाइसची जागा फर्मवेअर साधारणपणे ४ जीबीच्या खालीच शोधणार.

आणि तिथे जागा वाया जाते ती क्रमामुळे, हा मुद्दा इथे कुणी मांडलेला नाही. बार आपल्या आकाराच्या पटीतल्या पत्त्यावरच बसतो. आधी ४ केबीचा आणि मग २५६ एमबीचा बार ठेवला तर विंडो ५१२ एमबीची होते. उलट क्रमाने ठेवले तर २५७ एमबीत काम भागतं (विंडो १ एमबीच्या पटीतच वाढते). तेव्हा ही जागा वाटणारा स्वतःचा अ‍ॅलोकेटर लिहीत असाल तर मोठ्या अलाइनमेंटचे बार आधी लावा, आणि मोजणी सर्वांत आतल्या ब्रिजपासून बाहेर करत या. बारमध्ये सगळे १ लिहून त्याचा आकार मोजताना डिव्हाइसच्या कमांड रजिस्टरचा बिट १ (मेमरी डिकोड चालू करणारा, मोजणी ० पासून) बंद ठेवायला विसरू नका. नाहीतर सगळे १ लिहिल्यावर बार क्षणभर ४ जीबीच्या टोकाजवळच्या पत्त्यांवर हक्क सांगू लागतो, आणि एक्स८६ वर तिथेच फर्मवेअरची फ्लॅश (ते साठवलेली चिप) असते.